एका थाळीत दोघांनी जेवू नये

६ जानेवारी, सोमवार

काल आईनं काय खाल्लं?

मला उत्तर येत नाही. समाजशास्त्रात बी.ए., पहिला वर्ग, घरातली पहिली पदवीधर, आणि एवढं साधं येत नाही.

आज हिंगोलीत प्रशिक्षण सुरू झालं. आम्ही बारा मुली आहोत. गावोगाव फिरून प्रत्येक घरात विचारायचं की काल कोणी काय आणि किती खाल्लं. विजयकुमार सर म्हणाले, दुसऱ्याच्या चुलीपुढं जाण्याआधी आपल्या घराचा फॉर्म भरा. चार माणसं, चार रकाने. आबांचा रकाना दोन मिनिटांत झाला: सकाळी ठेचा-भाकर, दुपारी शेतात तीन भाकरी आणि तुरीच्या सोल्याची आमटी, संध्याकाळी तेच आणि वर ताक. धाकट्या हरीशचा त्याहून लवकर. माझा तर माझाच, तो न विचार करता भरला. आईच्या रकान्यावर पेन थांबलं. शेजारच्या मंजुषानं तिच्या आईचा रकाना सरळ वडिलांसारखाच लिहून टाकला. मला ते जमलं नाही. खोटं लिहायचं तर हे काम कशाला घ्यायचं?

दुपारी जेवणाची पाकिटं एक कमी आली. मी म्हटलं, माझा सोमवार आहे. सोपं गेलं.

घरी येऊन आईला विचारलं.

"जेवले की."

"काय जेवलीस?"

"तुमी जेवले तेच. दुसरा सैपाक हाय का घरात?"

"किती भाकरी?"

"काहून? कोर्टात उभी करून राहिली का मला? जा, कपडे काढ दोरीवरचे."

रकाना कोराच आहे.

८ जानेवारी, बुधवार

बोटाला टोचून रक्त तपासायचं यंत्र प्रत्येकीला मिळालं. आधी एकमेकींवर सराव केला. माझं हिमोग्लोबिन आठ पॉइंट नऊ आलं. पट्टी जुनी असणार. घरी येऊन आईचं बोट धरलं. ती म्हणाली, "हळद काढून काढून बोटाला घट्टे पडले, तुझी सुई मोडंल." सुई मोडली नाही. सात पॉइंट दोन.

बारा पाहिजे. सरांना फोन केला तर म्हणाले, गोळ्या लगेच सुरू करा आणि मुख्य म्हणजे त्या पोटभर खातात का ते बघा.

म्हणून आज संध्याकाळी चुलीजवळच बसून राहिले. आमच्या घरी गॅस आहे, पण तो चहापुरता. भाकरी चुलीवर. आई एकेक भाकर थापते, तव्यावरून काढते आणि गरम गरम आबांच्या ताटात टाकते, मग हरीशच्या, मग माझ्या. आम्ही जेवत असतो तोवर तिचे हात पिठात असतात. आम्ही उठतो तेव्हा ती शेवटची भाकर थापते, आणि ती दुरडीत ठेवते. दुरडी रिकामी ठेवायची नाही हा आमच्या घरचा नियम, आजीच्या वेळेपासूनचा. त्या भाकरीला कोणी हात लावायचा नाही. सकाळी ती शिळी होते, आणि शिळी आई खाते.

मग आज रात्रीचं तिचं कुठं होतं? काठवटीला चिकटलेलं पीठ तिनं खरवडलं, त्याची तळहाताएवढी भाकर केली, आमटीच्या पातेल्यातून ती फिरवली आणि तिखटाच्या भुरक्याशी खाल्ली. पातेलं इतकं लखलखीत झालं की घासायची गरज उरली नाही. मी समोर बसलेली तिला आवडलं नाही. "घास मोजू नको माझे," म्हणाली.

तेवीस वर्षं मी या घरात जेवते आहे. इतका राग आला की पेन कागदात रुतलं आहे, मागच्या पानावर अक्षरं उमटली आहेत.

११ जानेवारी, शनिवार

आज तांड्यावर पहिलं काम. पहिलंच घर रूपाबाईंचं. पन्नाशीच्या असतील, आवाज खणखणीत. प्रेमदास त्यांचे मालक, ते ओट्यावर बसून सगळ्यांच्या वतीनं उत्तरं देत होते. "आमच्याकडं सगळे बराबर खातात, लिहा." मी म्हटलं, मला बाईंकडून पाहिजे.

"म्या?" रूपाबाई हसल्या. "लिव, सकाळी धूर खाल्ला, दुपारी ऊन खाल्लं, संध्याकाळी ह्या मानसाचं बोलणं खाल्लं. पोट भरलं."

"खरं सांगा ना मावशी."

"खरं सांगितलं तर तुझ्या कागदात जागा हाय का?" मग एकदम म्हणाल्या, "तू काय खाल्लं गं आज? त्वांड सुकलंय."

"माझी एकादशी आहे."

"एकादशी काल झाली, बाई."

प्रेमदास खो खो हसले. माझीच तिथी चुकली, गडबडीत काहीतरी बोलून गेले. रूपाबाई हसल्या नाहीत. त्यांनी आतून बाजरीची भाकर आणि गूळ आणून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, आधी खा, मग लिव. ड्युटीवर असताना लोकांकडून काही घ्यायचं नाही असं सरांनी सांगितलं आहे. मी घेतलं नाही. नंतर वाटलं, घ्यायला पाहिजे होतं. ती बाई आत गेली तेव्हा मला तिची दुरडी दिसली होती. तीत एवढंच होतं.

१३ जानेवारी, सोमवार

आज जे झालं ते सगळं लिहिते. उद्या राग उतरला तरी तपशील राहिला पाहिजे.

आम्ही वर्षातून तीन-चारदा औंढ्याला जातो. नागनाथाचं दर्शन घेतो आणि मंदिराच्या रस्त्यावरच्या शाकाहारी भोजनालयात जेवतो. आमची चैन म्हणजे तेवढीच. आबा साबणाचे उरलेले तुकडे एकमेकांना चिकटवून वापरतात, चहाची पत्ती दोनदा उकळतात, कुणाचा एक रुपया अंगावर ठेवत नाहीत आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. मला पण होता. थाळीच्या दिवशी मात्र आबा मोकळे असतात. "खा रे, पाहिजे तेवढ्या पोळ्या घ्या," असं मोठ्यानं म्हणतात.

गल्ल्यावर आधी कूपन घ्यावं लागतं. गल्ल्याच्या वर लाल रंगात तीन ओळी आहेत. एका थाळीत दोघांनी जेवू नये. ताटातलं पार्सल मिळणार नाही. घेतलेलं कूपन परत होणार नाही. लहानपणी मी या पाट्या वाचून दाखवायचे आणि आई कौतुकानं ऐकायची. तिला वाचता येत नाही.

आबांनी तीन कूपनं घेतली. आई बाकाच्या कडेला बसली, तिच्यापुढं एक केळ आणि अर्धा कप चहा. सोमवार. तिचा उपास.

तीन थाळ्या आल्या. शेवभाजी, वांग्याची भाजी, वरण, कढी, पोळ्या, गुलाबजाम. माझ्या समोर आईचे हात होते. ती पाण्याचा ग्लास उचलायची, पुसायची, परत ठेवायची. आणि मला एकदम आठवलं. गेल्या वेळी आलो तेव्हाही केळ होतं. माझ्या शेवटच्या परीक्षेनंतर आलो तेव्हाही. दसऱ्याच्या आधी आलो तेव्हाही.

मी विचारलं, "आबा, आपण औंढ्याला सोमवारीच काहून येतो?"

"काहून म्हंजे? नागनाथाचा वार हाय."

"थाळीचा वार आहे का? एक थाळी वाचते म्हणून का?"

"शिवे, हळू बोल," आई म्हणाली.

मी हळू बोलले नाही. सगळ्या टेबलांना ऐकू जाईल असं बोलले. की रक्त सात आहे हिचं. की सहा-सात वर्षांत तुम्ही हिला एकदाही ताटावर बसवली नाही. की देवाचं नाव पुढं करून चौथ्या माणसाचं जेवण बुडवणं याला काय म्हणतात ते मला कॉलेजात शिकवलं आहे. वाढपी पोळ्यांची टोपली घेऊन तसाच उभा राहिला. आबांचा चेहरा काळवंडला. ते एवढंच म्हणाले, "तिचा उपास हाय. उपासाच्या मानसाला काय जबरदस्ती चारू?"

मी ताट सरकवून उठले. दोन घास खाल्ले होते.

आईनं माझ्याकडं पाहिलंच नाही, ती ताटाकडं पाहत होती. भरलेलं ताट, पोळीला तूप लावलेलं. तिला ते खाता येत नव्हतं आणि बांधून नेता येत नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्यासाठी नाही, त्या ताटासाठी. शेवटी वाढपी वळला तेव्हा हरीशनं माझी भाजी आपल्या वाटीत ओतली, पोळ्या मांडीवर घेतल्या आणि गुलाबजाम अख्खा तोंडात टाकला. पाटीच्या खाली बसूनच.



१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. आई तीळ भाजते आहे, बायका वाण घेऊन येत आहेत, सगळ्यांशी गोड बोलते आहे, मला सोडून.

मी आबांकडं शेतात गेले. ते हळदीच्या कडेला बसून विळ्याला धार लावत होते. मला वाटलं ओरडतील. ते म्हणाले, "सोमवार म्या काढला न्हाई. तुझी माय म्हंती, सोमवारी जाऊ, गर्दी असली तरी सोमवारीच. म्या म्हणलं, भक्ती हाय तिची."

"आधी कधी करायची ती सोमवार? लग्न झाल्यावर?"

त्यांनी विळ्याची धार अंगठ्यावर पाहिली. "न्हाई. तू नांदेडला शिकायला गेलीस त्या सालापासून."

"मग तुम्हाला कळलं नाही?"

"ती म्हणली न्हाई. म्या इचारलं न्हाई."

किती सोपं आहे. तिनं म्हटलं नाही, यांनी विचारलं नाही, आणि मी तिकडं भांडवलशाही आणि पितृसत्ता यांवर टिपणं काढत बसले होते. मला आबांचा राग कमी करायचा नाही. विचारलं नाही हा गुन्हाच आहे. पण आता आईचाही आला आहे. हिनं स्वतःची भूक लपवायला देवाला कामाला लावलं. हिला कोणी सांगितलं होतं?

१७ जानेवारी, शुक्रवार

आई गोळ्या घेत नाही. पोटात मळमळतं म्हणते. उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी सांगितलं आहे की गोळी खाऊन झाल्यावर घ्या. कशावर घेणार? काठवटीतल्या खरवडीवर?

दोन दिवस तिच्यावर पहारा केला. ती माझ्यापेक्षा हुशार आहे. मी समोर बसले की "तोंडात तंबाखूची मशेरी हाय, मग खाते" म्हणते. मी उठले की "झालं माझं."

२४ जानेवारी, शुक्रवार

दुपारी मंजुषा घरी आली. दोघींना पुढच्या आठवड्याच्या गावांची यादी करायची होती. आईनं तिला आग्रहानं जेवायला बसवलं, हरभऱ्याची कोवळी भाजी आणि गरम भाकर. मंजुषा चवीनं जेवत होती. मला आईनं हाक मारली तेव्हा मी म्हटलं, मला भूक नाही, तिला वाढ. भाजी थोडीच होती, आबा आणि हरीश यायचे होते.

मंजुषा म्हणाली, "काकू, हिला सांगूच नका. हिचा रोज काही ना काही असतो. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, शनिवार. डब्बा कमी पडला की हिचा उपास. सर तर म्हणतात, ही साध्वी व्हायली."

मी हसले. मंजुषा हसली. आईचा हात पिठावर थांबला.

"रोज?" तिनं विचारलं.

"कॉलेजात पण असंच व्हतं म्हणे हिचं. हिची रूममेट प्रियंका माझी मावसबहीण हाय ना. ती सांगायची, दुसऱ्या वर्षापासून हिनं मेसची रात्रीची वेळ बंदच केलती."

तव्यावरची भाकर करपली. आमच्या घरी भाकर कधी करपत नाही. मंजुषा गेल्यावर आई एकदाही बोलली नाही. तिला मंजुषा आवडली नसावी. मंजुषा जरा जास्तच बोलते.

मेसचं तसं काही विशेष नव्हतं. रात्री मला फारशी भूक लागायची नाही. चहा-बिस्किटावर अभ्यास चांगला व्हायचा. घरून पैसे मागायला नकोत म्हणून केलं, त्यात कसली तक्रार? हे घरी सांगायचं कारणच नव्हतं.

२५ जानेवारी, शनिवार

आज आईनं मला मारलं. तेवीस वर्षांच्या मुलीला. लहानपणी मारलं असेल तर आठवत नाही.

सकाळी तिनं चुलीपुढं पाट टाकला आणि म्हणाली, बस. पहिली भाकर तव्यावरून काढून माझ्या ताटात टाकली. आबा, हरीश कोणी आलं नव्हतं. त्यांच्याआधी पहिली भाकर आमच्या घरी कोणाला वाढत नाहीत.

"खा."

"तू?"

"माझं मरू दे. तू खा. पुरी खा. म्या बघते."

"मग तुझ्याबरोबर खाते. नाहीतर माझा शनि..."

शब्द पुरा झाला नाही. तिचा पिठाचा हात माझ्या गालावर बसला.

"मेसची येळ बंद केली! म्या हितं सोमवार धरून बसले, पोरगी तिकडं दोन टाइम पोटभर जेवंल म्हणून! आन तू तिकडं उपाशी? कोणी शिकवलं तुला हे? सांग, कोणी शिकवलं?"

मी गाल धरून होते. मी विचार करून नाही बोलले, तोंडातून निघून गेलं.

"तूच."

दारात आबा उभे होते. किती वेळ ते मला माहीत नाही. ते मागच्या मागं निघून गेले.

आई चुलीतलं लाकूड ओढायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. मी ती भाकर उचलली. मधोमध मोडली. अर्धी तिच्यापुढं धरली. तिनं घेतली नाही आणि मीही खाल्ली नाही. दोघींच्या मधे ती भाकर गार होत गेली. मला वाटतं, इतका राग मला कधीच आला नव्हता, आणि तो कोणावर आहे हे पहिल्यांदाच नीट सांगता येत नाही.

दुपारी पाहिलं तर दुरडीशेजारी गूळ-शेंगदाण्याची मोठी पिशवी होती. आबा आणून ठेवून गेले होते. पिशवीला गाठ मारलेली नव्हती.

२६ जानेवारी, रविवार

फॉर्म काढला. माझा रकाना वाचला. सकाळी पोहे, दुपारी पोळी-भाजी, संध्याकाळी भाकर-वरण. मी ६ तारखेला हे लिहिलं तेव्हा मला ते खरंच वाटत होतं. खोटं लिहायचं नाही म्हणून आईचा रकाना कोरा सोडला, आणि शेजारीच हे लिहिलं.

मंजुषाला मी मनात काय काय बोलले होते.

५ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी विजयकुमार सरांना आमच्या घराचा फॉर्म देऊन आले. माझा रकाना खोडून पुन्हा भरला आहे, आणि त्याच्या शेजारी आईचा. दोन्ही जवळजवळ सारखे निघाले. सरांनी वाचलं, माझ्याकडं पाहिलं आणि फाइलला लावला. आता तो परत मागता येत नाही. यंत्राची पट्टीही जुनी नव्हती, ते मी त्यांना विचारून घेतलं.

मग घरी येऊन म्हटलं, "माय, लुगडं बदल. औंढ्याला जायचंय."

"आज? आज काय हाय?"

"काही नाही. बुधवार आहे."

आबा ओट्यावर होते. मी म्हटलं, "चूल आज तुमची. पीठ काठवटीत आहे."

आबांनी हरीशकडं पाहिलं, हरीशनं आबांकडं. आबा म्हणाले, "जावा. माझा उपास हाय आज."

"आबा," हरीश म्हणाला, "बुधवार कोन्या देवाचा असतो?"

"गप. पानी तापव."

भोजनालयात मी आईला बाकावर बसवलं आणि आधी गल्ल्यावर गेले. माझ्या पहिल्या पगारातून दोन कूपनं फाडून घेतली आणि आणून तिच्यापुढं ठेवली.

"दोन काहून? मला न्हाई जायचं एवढं. एक परत दे."

"परत होत नाही."

"इचार तर."

"पाटीवर लिहिलंय, माय. घेतलेलं कूपन परत होणार नाही."

"पार्सल?"

"मिळणार नाही."

"मग दोघी मिळून एकात..."

मी गल्ल्याच्या वर बोट दाखवलं आणि लहानपणी वाचायचे तसं मोठ्यानं वाचलं. "एका थाळीत दोघांनी जेवू नये."

तिनं दोन कूपनांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. पैसे गेलेले होते. आईच्या राज्यात फुकट जाण्याएवढं मोठं पाप दुसरं नाही, आणि हे मला माहीत होतं म्हणूनच मी तसं केलं होतं. "लई शाणी झाली," ती दात आवळून म्हणाली. ती रागावलेली होती. मीही होते. तशाच रागात थाळ्या आल्या.

पहिली पोळी तिनं मान खाली घालून खाल्ली. वांग्याची भाजी चाखली आणि म्हणाली, "तेल सोडलंय नुसतं. चव कुठं हाय?" दुसऱ्या पोळीला म्हणाली, "कच्ची हाय मधी." तिसरी तिनं मागून घेतली. वरण, कढी, शेवभाजी, भात. ती नावं ठेवत जेवली. वाढपी, तोच मागचा, तिच्या ताटाकडं दोनदा येऊन गेला.

माझ्या वाटीत गुलाबजाम होता. माझा हात आपोआप उचलला गेला. मी तो चमच्यानं तिच्या ताटाकडं सरकवला.

आईनं ताटावर हात आडवा धरला.

"ये," ती म्हणाली. "पाटीवर काय लिवलंय?"

माझा चमचा तसाच पुढं होता.

"तूच वाचलं ना आत्ता? मग? खा तुझं तू."

तिनं हात काढला नाही. मी गुलाबजाम परत माझ्या वाटीत घेतला आणि तिच्या देखत खाल्ला. मग वाटीतला पाक, मग उरलेली पोळी, मग भात. ताटात काही ठेवलं नाही.